डॉक्टरांची मुठीएवढी इंजिनं

डॉक्टरांच्या घरून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजोबांना कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, ते समजावत होते. "सुनंदा, डॉक्टर गेले गं," काकू म्हणाल्या. "सकाळचा चहा घेतला, खुर्चीत बसले, आन् बसलेच…" मी आजोबांचं समजावणं पुरं केलं, कारण ते अर्धवट सोडण्याजोगं नव्हतं. मग शटर अर्ध्यावर ओढलं आणि मागच्या स्टुलावर बसून पोटभर रडून घेतलं. आता त्याला काही आठवडे झालेत. रडू ओसरलंय, आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलंय. हिशेब लावून पाहिला तर ती कृतज्ञताच असावी.

डॉक्टर वसंतराव म्हणजे लासुर्ण्याचे जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरी संपली तरी गोठ्यागोठ्यातून त्यांना बोलावणी येतच राहिली, आणि तेही मोटारसायकलला किक मारून जात राहिले. त्यांच्या हातगुणाबद्दल लिहायला इंदापूर तालुक्यात पुष्कळ लोक आहेत. मला लिहायचंय ते त्यांच्या दुसऱ्या वेडाबद्दल. विमानांच्या छोट्या मॉडेलांना लावायची जुनी इंजिनं ते जमवत आणि ओळखत. मुठीत मावेल एवढं इंजिन, पण आत सगळं खरंखुरं… पिस्टन, सिलिंडर, क्रँक, पुढं फिरणारा लाकडी पंखा. या वेडापायी आमच्या आबांवरचा एक जुना आरोप त्यांनी निम्मा पुसला आणि निम्मा तसाच ठेवला. त्या दोन्हींसाठी मी त्यांची ऋणी आहे.

आमची ओळख झाली ती एरंडेलामुळं. बारामतीत माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्टर अधूनमधून यायचे आणि एरंडेलाच्या मोठाल्या बाटल्या घेऊन जायचे. इतकं एरंडेल एका माणसाला लागणं मला काही बरं लक्षण वाटेना. शेवटी एकदा धीर करून मी म्हणाले, "डॉक्टर, रोज एवढं घेऊ नका. इसबगोल देते, रात्री कोमट पाण्यातून घ्या." त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि असे हसले की शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस डोकवायला आला. "ताई, माझं पोट ठणठणीत हाय," ते म्हणाले. "हे इंजिनांसाठी लागतंय." आणि गिऱ्हाइकं खोळंबली असताना काउंटरवर कोपर टेकून त्यांनी मला सांगितलं, की त्या जुन्या छोट्या डिझेल इंजिनांना ठिणगीचा प्लग नसतो. इथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर ती चालतात. इथर ते कुठून मिळवत, ते औषधवाली असूनही मी कधी विचारलं नाही. पण जळक्या एरंडेलाचा वास कसा चिकटून राहतो ते त्यांनी सांगितलं, तेव्हा मी हातातली बाटली खाली ठेवली, कारण तो वास मला लहानपणापासून माहीत होता. आमच्या घरी लाडवांच्या एका डब्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं तसलंच एक इंजिन पडून होतं.

ते आबांचं. आमचे आबा, म्हणजे वडील, आयटीआयमध्ये लेथ शिकवायचे. हात सोन्याचा आणि जीभ सैल. आमच्या गावात, कन्हेरीत, कुणाची विहीर, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचं घड्याळ, सगळं म्हणे आबांनीच कधी ना कधी दुरुस्त केलेलं. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत जनरेटर बंद पडला तर तो सुरू होईपर्यंत त्यांची दुरुस्ती चाले आणि पुढची जयंती येईपर्यंत तिची गोष्ट. माणसं हसत आणि सोडून देत. पण हे छोटं इंजिन दाखवून ते जेव्हा म्हणाले, "हे मी बनवलं," तेव्हा माझ्या भावानं, दादानं, ते खरं मानलं. शाळेत सांगितलं. मास्तर म्हणाले, घेऊन ये. दादा घेऊन गेला, आणि वर्गातल्या कुणीतरी इंजिनाच्या पोटावरची ओतीव इंग्रजी अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली… परदेशी कारखान्याचं नाव. त्या दिवसापासून दादाचं नाव 'विमान' पडलं. तो बागायतदार झाला, नातवंडांचा आजोबा झाला, तरी कन्हेरीच्या पारावर अजून कुणीतरी "काय विमान, कुठं निघालं?" म्हणतंच. आबांना त्यानं त्या संध्याकाळी जाब विचारला. आबा चिडून एवढंच म्हणाले, "मी बनवलं म्हणजे बनवलं." त्यानंतर बापलेकांत कामापुरतंच बोलणं उरलं. आबा गेले तेव्हा दादानं सगळं रीतसर केलं, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ते मला फार लागलं होतं.

तर तो डबा घेऊन मी लासुर्ण्याला गेले. डॉक्टरांची इंजिनांची खोली म्हणजे पूर्वीची पेंडीची खोली. भिंतीला काचेचं कपाट, त्यात रांगेनं इंजिनं, आणि खिडकीशी एक टेबल. कुठलं इंजिन पुण्याच्या जुन्या बाजारातलं, कुठलं एका वकिलाच्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेलं आणि गाईच्या बाळंतपणाच्या बदल्यात मिळालेलं. काकूंनी चहा आणला आणि पहिली तक्रार माझ्यापाशी नोंदवली. "ह्यांनी माझ्या दुधाच्या कुकरात इंजिनं शिजवली, माहितीय का? गाडीत घालायचं ते हिरवं पाणी ओतून! दूध कशात तापवायचं मी?" जुन्या इंजिनावर एरंडेल जळून लाखेसारखं बसतं. रेडिएटरच्या कूलंटमध्ये मंद आचेवर ठेवलं की ते सुटतं, असं डॉक्टरांचं शास्त्र. कुकर अर्थातच कायमचा इंजिनांकडं गेला आणि काकूंना नवा आला, पण ती तक्रार काही जुनी झाली नाही.

डॉक्टरांनी टॉवेलला हात पुसले, इंजिन खिडकीच्या उजेडात धरलं आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं. वास घेतला. धूर निघायच्या भोकातून आत डोकावले, अगदी बैलाचं वय बघायला त्याचा ओठ वर करावा तसे. मग म्हणाले, "ताई, हे कारखान्याचं हाय. माझ्याकडं ह्याचं भावंड हाय, बघा." आणि कपाटातून तसंच दुसरं काढून शेजारी ठेवलं. मला समोरचं दिसत होतं, तरी मी आशा सोडली नव्हती. मी म्हणाले, "डॉक्टर, माझ्या भावाला एकदा सांगाल का, की आबांनीच केलंय म्हणून? तुमचं तो ऐकेल. आबा तर गेले. आता कुणाचं काय बिघडतंय?" त्यांनी आपलं इंजिन कपाटात परत ठेवलं. मग हळू आवाजात, पण ठामपणे म्हणाले, "खोटं सर्टिफिकेट मी कधी म्हशीलासुद्धा दिलं न्हाय, ताई. तुमच्या आबांना कसं देऊ?" खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांचा राग आला. एवढं काय मोठं मागितलं होतं मी? त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. म्हणाले, "जाम झालंय ते. ठेवून जा माझ्याकडं. मोकळं तरी करतो."

त्यांच्या या हट्टीपणाची दुसरी बाजू मला नंतर कळली. त्यांच्या कपाटात अगदी मधोमध एक इंजिन असे, सगळ्यांना कौतुकानं दाखवायचे. अस्सल इंग्लिश, पहिल्या खेपेतलं. पुढं मुंबईच्या एका जाणकारानं स्क्रूचे आटे मोजून दाखवलं की ही कलकत्त्यात कुणीतरी बनवलेली नक्कल आहे. दुसऱ्या कुणी ते इंजिन मागं सरकवलं असतं. डॉक्टरांनी पेढे आणले! "आपल्याकडच्या माणसानं इतकं हुबेहूब केलं, आन् मला वर्षानुवर्षं गंडवलं," असं म्हणत दुकानात येऊन मलाही पेढा दिला. इंजिन कपाटात मधोमधच राहिलं. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आता त्याची खरी जात सांगू लागले, आणि आधीपेक्षा जास्त अभिमानानं.

आबांचं इंजिन सुटायला बराच काळ गेला. मी विचारायचं सोडून दिलं होतं. आणि एक दिवस फोन आला, "ताई, रविवारी या. दादांना घेऊन या. त्यांच्याशिवाय येऊ नका." दादाला तयार करणं म्हणजे अडेल बैलाला पाण्यात घालणं. तो आला तो माझ्यावर उपकार म्हणून, आणि पेंडीच्या खोलीच्या दारातच उभा राहिला. टेबलावर एका स्टीलच्या ताटात दोन इंजिनं खोलून मांडली होती, एक आबांचं, एक त्याचं भावंड. डॉक्टरांनी दादाला बसा म्हटलं नाही, की पाणी विचारलं नाही. थेट भिंग हातात दिलं आणि म्हणाले, "दादा, हे दोन लायनर बघा. लायनर म्हंजी ज्यात पिस्टन खालीवर पळतो ती नळी. ह्या कारखान्याच्या नळीला खाचा कशा हायत? सरळ, मशीनवर कापलेल्या. आता तुमच्या नळीच्या बघा." दादानं पाहिलं. आबांच्या नळीला आधी बारीक भोकं पाडून मग ती कानशीनं घासून एक केली होती. कानशीच्या रेघा भिंगातून स्पष्ट दिसत होत्या, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. डॉक्टर म्हणाले, "मी तशी एक नळी स्वतः घासून बघितली. माझ्या रेघा उलट्या बाजूला पडल्या. तवापासून एकच विचारायचं हाय… तुमचे आबा डावरे होते का?"

मी उत्तर देणार होते, पण दादाच म्हणाला, "व्हय. डावरेच होते." त्याचा आवाज मला ओळखू येईना.

"मग ऐका," डॉक्टर म्हणाले. "धड कारखान्याचं हाय, त्यावरची अक्षरं खरी हायत. पण आतला पिस्टन आन् नळी झिजून गेली असणार. तुमच्या आबांनी दोन्ही नव्यानं बनवली. ह्या दोघांचं जुळणं म्हंजी इंजिनाचा जीव. केसाएवढं सैल झालं तर चालत न्हाय, केसाएवढं घट्ट झालं तर फिरत न्हाय. हे लेथवर आन् हातानं जमवणारा माणूस मी तरी बघितला न्हाय. त्यांनी सगळं बनवलं असं मी म्हणणार न्हाय. पण त्यांनी ज्याला 'बनवलं' म्हटलं, ते का म्हटलं, ते मला कळतंय."

त्यांनी इंजिन जोडलं, टेबलाला बसवलेल्या शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळलं, मिश्रण भरलं. त्यांचं बोट आदल्या दिवशी एका कालवडीनं चेंगरलं होतं, म्हणून पंख्याला टिचकी मारायचं काम दादाकडं आलं. पहिल्याच टिचकीला पंखा उलटा फिरला आणि त्याच्या बोटावर असा बसला की तो ओरडला, "चावतंय की ओ हे!" डॉक्टर वरचा स्क्रू थोडा आवळायचे, थोडा सोडायचे, दादा पुन्हा टिचकी मारायचा. आणि मग एकदम ते चालू झालं. एवढ्याशा जिवाचा तो आवाज… कानठळ्या बसल्या, खोलीभर इथरचा आणि जळक्या एरंडेलाचा वास, आणि बाहेर गोठ्यात म्हशीनं दावं तोडून थेट उसाचा रस्ता धरला. काकू "अहो, म्हस! म्हस!" म्हणून ओरडत होत्या. डॉक्टर हसत होते. दादा तोंडावर रुमाल धरून भिंतीकडं तोंड करून उभा होता, आणि मला वाटलं धुरानं डोळे झोंबले असतील. मग त्याचे खांदे हलताना दिसले. आबांना पोहोचवताना जे राहून गेलं होतं, ते त्या पेंडीच्या खोलीत झालं. मी तिथून बाहेर आले आणि म्हैस आणायला गेले.

इंजिन दादानं परत नेलं नाही. "हितंच राहू द्या. हितं त्याला ओळखणारं माणूस हाय," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो लासुर्ण्याला माझ्याशिवायही जाऊ लागला. दोघं मिळून काय करायचे देव जाणे. दोघांच्याही बायका एकच सांगायच्या, की कपड्यांना वास येतो.

परवा आम्ही काकूंना भेटायला गेलो. खोलीत सगळं जागच्या जागी होतं. काचेचं कपाट पुसलेलं, खिडकी उघडी, टॉवेल खिळ्याला. डॉक्टरांचा मुलगा पुण्याहून आलेला, भला माणूस. वडलांच्या इंजिनांचं काय करावं या विचारात होता. गावातली काही मंडळीही बसली होती. त्यानं कपाटातून आबांचं इंजिन काढून दादापुढं धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आदरानं म्हणाला, "हे तुमच्या वडलांनी बनवलेलं ना? बाबा नेहमी याबद्दल सांगायचे."

शाळेतल्या त्या दिवसापासून दादाला जे ऐकायचं होतं, ते कुणीतरी चारचौघांत आपणहून म्हणालं होतं. नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दादानं टॉवेलला हात पुसले. इंजिन घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं.

"सगळं न्हाय," तो म्हणाला. "पिस्टन आन् नळी आमच्या आबांची. बाकीचं कारखान्याचं."