होडी ओढली त्या दिवसाचं पान
बोंबलांचा वास आला की माझी धावण्याची वही आठवते. आमच्या कारखान्यातल्या धावण्याच्या शर्यतीसाठी मी बोईसरहून सायकलने तारापूरच्या किनाऱ्यावर जाऊन धावायचो आणि किती धावलो ते रोज वहीत लिहायचो. शर्यत तोंडावर आली आणि एका सकाळी पाय उचलेचनात, म्हणून बूट काढून वाळूत बसलो. होडी किनाऱ्यावर ओढणाऱ्यांतली एक म्हातारी म्हणाली, “बसलास काय, रस्सी धर.” धरली, घामाघूम झालो, कितीतरी दिवसांनी मनापासून हसलो. ओढणाऱ्याचा वाटा म्हणून माझ्या बुटात बोंबील भरत तिनं विचारलं, “रोज पलतोस, तुज्या मागं कोन लागलाय?” बूट सायकलला अडकवून निघालो. घरी वही उघडली. धावलो तर नव्हतो, मग लिहायचं काय? ते पान अजून कोरंच आहे.