नदीकाठच्या खोपटातलं टेबल

व्हर्ना टॉलिव्हर माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्याइतकी एका जागी न टिकणारी बाई अख्ख्या वायोमिंगात सापडायची नाही. त्या दिवशी तर सकाळपासून तिनं तीनदा कॉफी ओतली आणि तीनदा गार करून फेकली.

कारणही तसंच होतं. काउबॉयांच्या कादंबऱ्या अगदी सुरुवातीला लिहिणाऱ्यांतला एक लेखक आमच्या नदीकाठच्या खोपटात दोन उन्हाळे राहिला होता. अठ्ठावीस वर्षं व्हर्ना त्याच्या वाचकांना हिंडवत आली. आधी लेखक घोडा दौडवायचा तो उतार, मग खोपट, आणि शेवटी त्यानं स्वतः बनवलेलं लिहायचं टेबल. आता खोपट ज्या रँचवर, गुरांच्या मोठ्या कुरणावर, होतं तिचा नवा मालक ते पाडायला निघाला होता. टेबल खरं ठरलं तरच सरकार खोपट वाचवणार होतं, आणि तपासनीस दुपारी येणार होता.

"तोंडाला कुलूप लाव," मी तिला बजावलं.

"अगं, पण त्यानं ओळखलं तर?"

धास्ती उगाच नव्हती. खरं टेबल एका एप्रिलच्या हिमवादळात जळालं होतं. गाई व्यायला लागलेल्या, ओली वासरं गारठून मरत होती आणि सरपण संपलेलं. अशा वेळी आमच्याकडे हाताला लागेल ते चुलीत जातं, मग ते कुणाचं का असेना. अकरा वासरं जगली. मागाहून तिच्या नवऱ्यानं, ऑर्व्हलनं, फोटो बघून हुबेहूब दुसरं टेबल केलं, जुन्या गोठ्याच्या फळ्यांचं. ऑर्व्हल गेल्यावर हे ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच उरलो.

तपासनीस प्रुएट भला माणूस निघाला. त्यानं टेबलाखाली बॅटरी मारली, कोपऱ्यांचे सांधे बोटांनी चाचपले.

"वा! एक खिळा नाही. काय हात होता हो तुमच्या लेखकाचा!" असं म्हणून तो अहवालात टेबल खरं असल्याचं लिहायलाही लागला.

जिंकलो होतो! मी व्हर्नाला हळूच चिमटा काढला. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"हात ऑर्व्हलचा आहे," ती दारातूनच म्हणाली.

"कोण ऑर्व्हल?"

"माझा नवरा. खरं टेबल मी जाळलं. हे त्यानं केलंय. लोक याला हात लावून डोळे पुसतात आणि मी त्याचं नाव गिळते. आता नाही गिळवत."

प्रुएटनं ती ओळ खोडली, टोपी घातली आणि निघून गेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"बये, खोपट गेलं ना गं!"

"गेलं," व्हर्ना म्हणाली. तिनं टेबलाची एक बाजू उचलली. "त्या बाजूनं धर. घरी न्यायचंय."