दोन बोटांची जागा

झाडालाही नाडी असते असं मानणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि तो सक्करदऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. घराणं विणकरांचं, वडिलांपर्यंत घरात हातमाग होता. काकांनी मात्र रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडरकी केली आणि निवृत्त झाल्यावर गच्चीवर बोन्साय मांडून स्वतःचाच दवाखाना उघडला. डॉक्टर व्हायची राहून गेलेली हौस त्यांनी कुंड्यांवर भागवून घेतली. प्रत्येक झाडाचा केसपेपर आहे. त्यावर वय, तक्रार, कारण, उपाय असे रकाने आहेत, आणि अक्षर असं की खऱ्या डॉक्टरालाही हेवा वाटावा.

तपासणीची त्यांची पद्धत ठरलेली. कुंडीत अगरबत्तीची काडी खुपसून आतली ओल बघायची, चिमूटभर माती हुंगून मुळं कुजली नाहीत ना याची खात्री करायची, फांदीवर नखानं हलका ओरखडा काढून खाली हिरवं आहे का ते पाहायचं, आणि शेवटी पान उलटं करून त्याची पाठ तपासायची. या पान उलटं करण्याच्या खोडीपायी एका लग्नात ते स्टेजवर नवरदेवाशेजारच्या कुंडीपाशीच अडकले. मागे आहेराची रांग खोळंबली. झाड प्लास्टिकचं निघालं. घरी येताना ते एवढंच म्हणाले, की काही असो, कीड मात्र नव्हती.

त्यांचं निदान सहसा चुकत नाही. प्रताप नगरातल्या एका गृहस्थांच्या चिंचेची पानं कडेनं करपत चालली होती. खत झालं, फवारणी झाली, नजर उतरवून झाली. काकांनी फक्त पाणी कसलं घालता ते विचारलं. गृहस्थ अभिमानानं म्हणाले, कूलरच्या टाकीत उरलेलं. एक थेंब वाया जाऊ देत नाही. काकांनी कपाळाला हात लावला. "अहो, पाणी उडून जाते अन् खार खाली राहते. तुमी झाडाचं लोणचं घालून राहिले." मग आठवडाभर सावली, साधं पाणी भरपूर सोडून माती धुणं, आणि खत पूर्ण बंद. आजाऱ्याला कोणी बासुंदी देतं का, हा त्यांचा सवाल. चिंच वाचली. मीही त्यांच्या हाताखाली असाच शिकलो. एकदा माझ्या जास्वंदीला आधार म्हणून मी सुतळी घट्ट आवळली, तर त्यांनी ती तिथल्या तिथे सोडली. "दोन बोटं जागा ठेवत जा गा. झाड उभं दिसते, पन ते वाढून राहिलं असते."

असा हा धन्वंतरी स्वतःच्या वडापाशी मात्र हरला. वीस वर्षांचा, हातभर उंचीचा तो वड म्हणजे गच्चीवरचा थोरला मुलगाच. काकूंचे गुडघे गेल्यापासून वटपौर्णिमेला त्यालाच खाली आणून पूजा होते. तीन वर्षांपूर्वी ऐन वटपौर्णिमेला काका हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात होते. काकूंनी सासऱ्यांच्या मागावरचं जपून ठेवलेलं पक्कं सूत काढलं, वडाला सात वेढे दिले, ओढून विणकरांची गाठ मारली. काका सुखरूप घरी आले. मग त्या सुताला हात लावायची कुणाची छाती होणार?

पुढच्या वर्षी वड आजारी पडला. शेंड्याची पानं पिवळी पडून गळू लागली. काकांनी माती बदलली, मुळं पाहिली, ऊन-सावली केली, पानांच्या पाठी तर रोज तपासल्या. मला एका नजरेत दिसलं: सूत सालीत रुतलं होतं आणि त्याच्या वर खोड फुगलं होतं. मी तसं सांगितलं. काकांनी आधी जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मले पयल्याच दिवशी दिसलं गा. पन ते तिनं माह्या जीवासाठी बांधलं हाय. कापू कसं?" त्यांना भीती स्वतःच्या जिवाची होती की काकूंच्या मनाची, मला कळलं नाही. बहुधा दोन्हींची असावी.

एके दिवशी खाली घरात आवराआवर करताना वडाचा केसपेपर काकूंच्या हाती लागला. अक्षर पहिल्यांदाच वाचता येण्याजोगं होतं. कारण: सूत रुतले. उपायाचा रकाना कोरा होता. काकू एकेका पायरीवर टेकत गच्चीवर आल्या, वडाला हात जोडले आणि पदराआडून ब्लेड काढलं. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकूंनी सुईनं एकेक वेढा उकरून काढला. मला वाटलं आता रडतील, पण त्यांनी ते तुकडे गाठीनं जोडले आणि काकांना हात पुढे करायला लावला. "झाड मेल्यावर ह्या सुताचं काय करू? ज्याच्यासाठी बांधलं, त्यालेच बांधतो," काकू म्हणाल्या. काकांमधला कंपाउंडर तेव्हाही जागा होता. "दोन बोटं जागा ठेव वं," ते म्हणाले.

वड सावरला. खोडावर वळ राहिला आहे, पण वर तांबूस कोंब आले. सूत अजून काकांच्या मनगटावर आहे. या वर्षी त्यांना जिना चढवत नाही, धाप लागते. झाडं मीच बघतो आणि संध्याकाळी खाली येऊन अहवाल देतो. परवा ते केसपेपर माझ्या हाती देत होते, तेव्हा सुताकडे लक्ष गेलं. दोन बोटं सोडा, त्यात सुईसुद्धा शिरली नसती. सूत तेवढंच होतं. मनगट सुजलं होतं. अशा खुणा ओळखायला मला त्यांनीच शिकवलं आहे. मी हळूच म्हणालो, "काका, जरा सैल करू या."

त्यांनी हात बाहीत ओढून घेतला.

"राहू दे गा. मी का झाड आहो?"

स्वयंपाकघरात काकू चहाचे कप मांडत होत्या. मी केसपेपर घेतले आणि वडाला पाणी घालायला वर गेलो.