पान्हा तपासणारी बाई

ऐंशी सालाच्या आसपास मी तारापूरच्या एका औषधांच्या कारखान्यात तपासनीस होते. तिथे बाळंतपणाची इंजेक्शनं भरत, आणि त्यांचा जोर मी तपासायची. मादी उंदराच्या गर्भाशयाची पट्टी कोमट द्रावणात टांगायची आणि औषधाचा थेंब सोडायचा, की पट्टी आखडलीच. मूळ द्रव्य मेंदूत बनणारं, पण कापून काढलेली ती पट्टी मेंदूवाचूनही त्याचा हुकूम पाळायची! हेच द्रव्य आईच्या छातीतलं दूध उतरवतं, असं मी नव्या मुलींना तोऱ्यात शिकवायची.

मग मला मुलगा झाला आणि माझाच पान्हा फुटेना.

छाती दगडासारखी भरलेली, बाळ ओढून ओढून रडायचं आणि सासूबाई पलंगाशी बसून सुस्कारे टाकायच्या. मी तपासनीसच ती! पाजायच्या आधी आणि नंतर बाळाला तराजूत घालायची, आकडा वहीत लिहायची. तो हलला नाही की मी घाबरून पुन्हा तराजू मांडायची आणि दूध आणखीच अडायचं. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत वजन वाढलं नाही तर डब्याचं दूध सुरू करा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी आमची नेहमीची सातपाटीची मासळीवाली मावशी आली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिने मुद्दाम मुशी आणली होती. रडणं ऐकून ती तडक आत शिरली आणि तराजू बघून कडाडली, "अगो बाय, पोर हाय का पापलेट?"

मग तिने सासूबाईंना मुशी शिजवायला पिटाळलं, तराजू पलंगाखाली सारला आणि दार लोटलं. माझी पाठ चोळत ती सांगू लागली, "माजा पयला पोर भुकेने रडत होता. बापाने उघड्या अंगाने उचलला, तर त्याने बापाच्याच छातीला तोंड लावलं! दादला असा बोंबलला, सगली आळी गोला झाली!"

मी खो खो हसले. हसता हसता छातीत मुंग्या आल्या आणि धारच सुटली. बाळ ठसकलं, मग गटागटा प्यायला लागलं. मला रडू आवरेना.

आनंदाच्या भरात मी म्हटलं, "मावशी, हे मला ठाऊक होतं गं! जीव निवांत झाला की मेंदूतून एक द्रव्य रक्तात सुटतं, ते छातीत पोचलं की दूध उतरतं. भीतीने ते अडतं."

मावशीने पाटी डोक्यावर चढवली.

"तुला ठावं होतं? मंग चार दिस पोराला रडवलंस कशाला?"

मी बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.