गादीची शेवटची वीत

योसेफभाऊंच्या घरून मार्थावहिनींचा फोन आला तो रविवारी दुपारी. मी पिपरी मेघेला घरीच होते, दुसऱ्या दिवशीच्या बैठकीचे कागद लावत बसले होते. "रेखाताई, उपासनेहून आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं... अन् आता हाक मारून राह्यली तं ओ देत नाईत." मी वहिनींना शेजारच्यांची गाडी काढायला सांगितली, डॉक्टरांना फोन लावला आणि स्कूटर सुरू केली. वाटेत माझं नेहमीचं सुरू झालं : पुण्याला त्यांच्या मुलीला, रूथला कळवायचं, पाळकसाहेबांना कळवायचं, कारखान्यातल्या बायकांना कोणाच्या तरी हाती निरोप द्यायचा. मी पोचले तेव्हा डॉक्टर पायरीवर उभे राहून चपला घालत होते. त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळलं. आत योसेफभाऊ रविवारच्या पांढऱ्या शर्टात, मान एका बाजूला कलती करून बसलेले... आणि खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, राग आला. सोमवारी सकाळी तुम्ही उत्तर देणार होता ना हो, भाऊ? मग हे काय?

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. राग कमी झालेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

योसेफ साळवे म्हणजे नालवाडीचा गादी कारखाना. पत्र्याची लांब शेड, एका टोकाला रुई पिंजायचं यंत्र, दुसऱ्या टोकाला खोळी शिवणाऱ्या बायका आणि मध्ये फरशीवर भाऊ स्वतः, मांडी घालून, हातात दाभण. आमच्या सासरचं देवळीला कापडाचं दुकान. गाद्यांचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड भाऊ आमच्याकडून नेत, तेवढीच ओळख. त्यांची ऑर्डर मात्र कधी वेळेवर यायची नाही. एकदा मी वैतागून त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसले आणि कोणत्या गिऱ्हाइकाला काय, कधी द्यायचं हे लिहून भिंतीला लावून आले. पुढच्या वेळी गेले तर भाऊ म्हणाले, "ताई, तुमचा कागद वाचून बायकाईनं मले कामाले लावलं न! तुम्हीच या आता." मी गेले. सासूबाईंनी विचारलं, त्या ख्रिस्ती माणसाच्या धंद्यात तुझं काय काम? मी म्हटलं, त्यांच्याकडे देव आहे, वेळापत्रक नाही. पुढे मी भागीदार झाले, पण आमची वाटणी तीच राहिली.

भाऊ तरुणपणी दुसऱ्या एका गादीवाल्याकडे कामाला होते. तिथे वर नवी पांढरी रुई आणि पोटात जुन्या गाद्यांची पिंजलेली काळपट रुई भरत. गिऱ्हाईक वरून हात फिरवून खूश. एका सकाळी भाऊंनी दाभण खाली ठेवलं आणि निघून आले. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ताई, झोपलेल्या माणसाले काई दिसत नाई. म्हणूनच त्याले फसवाचं नाई." स्वतःचा कारखाना काढला तेव्हा त्यांनी एक पद्धत पाडली. गादी पूर्ण भरायची, टाके घालायचे, पण एका कोपऱ्याला वीतभर शिवण उघडी ठेवायची. गिऱ्हाइकाने यायचं, त्या उघड्या वितीतून हात कोपरापर्यंत आत घालायचा, पोटातली रुई बाहेर काढून पाहायची, आणि मग भाऊ त्याच्यासमोर ती वीत शिवणार. शिवताना ओठ हलत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "काई नाई, ज्याची गादी त्याले झोप लागो म्हणतो. प्रभूले सांगाले काय पैसे लागते का?"

ऐकायला छान वाटतं. मी त्या शेडमध्ये रोज उभी होते, म्हणून सांगते, लग्नसराईत ही वीत माझा जीव घ्यायची. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, गिऱ्हाईक म्हणतंय, "भाऊ, शिवून टाका न, आमचा विश्वास हाय," आणि भाऊ म्हणतात, "तुमचा हाय, पण तुमी पाहून घ्या. विश्वास ठेवणाऱ्याचंच जास्त पाह्याले पायजे." एका लॉजवाल्याने स्वस्तातली भर मागितली. भाऊंनी दिली, पण खोळीवर रंगाने लिहिलं, 'जुनी रुई मिसळली आहे'. लॉजवाला दारात येऊन ओरडला, "अरे बाप्पा, मी काय पाव्हण्याले वाचून दाखवू का झोपाच्या अगोदर?" भाऊ शांतपणे म्हणाले, "पाव्हण्याले वाचता येते." तो पुन्हा आला नाही.

आणि देवळीचं ते लग्न. मुलीच्या बापाने आंदणासाठी गाद्या, लोड, उशा सगळं सांगितलं होतं. ओळखीचं घर, आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, मीच आणलेलं. लग्नाच्या गडबडीत कोणालाही नालवाडीला येऊन पाहायला फुरसत झाली नाही. मी म्हटलं, "शिवा आता." भाऊ म्हणाले, "पाह्यल्याशिवाय कसं शिवू?" मी इकडे दुसऱ्या कामात, आणि यांनी काय केलं, तर गाद्या तशाच, कोपरे उघडे ठेवून, टेम्पोत चढवल्या आणि सुशीलाबाईला दाभण-दोरा देऊन सोबत पाठवलं. सुशीलाबाई म्हणजे आमची सगळ्यात जुनी कामगार, टाके घालण्यात तिचा हात कोणी धरत नाही आणि बोलण्यातही नाही. मांडवात आंदण मांडलं, वरमाय पाहायला आली, आणि प्रत्येक गादीच्या कोपऱ्यातून कापूस बाहेर डोकावतोय. "फाटक्या गाद्या देता पोरीले?" असा जो गलका झाला! त्यात सुशीलाबाई पुढे होऊन सांगतेय, "फाटक्या नाईत हो, हात घालून पाहा, हात घाला!" कोण हात घालणार? मुलीचा बाप रडकुंडीला आला. मला फोन आला, मी धावत गेले, वरमाईच्या हातापाया पडले, सुशीलाबाईने मांडवाच्या मागे बसून सगळे कोपरे शिवले. ते घर आमच्या दुकानापासून तुटलं, अजून तुटलेलंच आहे. परत येऊन मी भाऊंवर अशी भडकले की पिंजायचं यंत्र बंद करून लोक ऐकत उभे राहिले. भाऊ म्हणाले, "ताई, देव पाह्यते." मी म्हटलं, "देव पाहतो, पण वरमाय पण पाहते ना!" ते इतके हसले... डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हणाले, "चुकलं माझं. मीच जायले पायजे होतं दाखवाले." म्हणजे चूक काय, तर सुशीलाबाईला पाठवलं ही! शिवून पाठवायला हवं होतं, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

दुसरा ताप म्हणजे त्यांचं विचारणं. दर सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी सगळे फरशीवर गोल बसत. चहा असे. भाऊ पवित्र शास्त्रातला एक तुकडा वाचत, कोणाच्या घरी आजारपण असेल तर त्याचं नाव घेऊन प्रार्थना करत; 'आमेन' झालं की सगळे कामाला उठत. सक्ती नव्हती. बहुतेक बायका आमच्यासारख्या हिंदू घरातल्या, चहा घेऊन बसून राहत, कोणी डोळे मिटे, कोणी वाती वळे. हे ठीक. पण मोठा निर्णय आला की भाऊ म्हणत, "विचारतो." नवं यंत्र घ्यायचं, विचारतो. शेड वाढवायची, विचारतो. मी म्हणे, "भाऊ, उत्तर कधीपर्यंत येईल तेवढं सांगा, म्हणजे तशी तारीख टाकते." ते म्हणत, "तुमच्या यादीत देवाचं नाव कितव्या नंबरवर हाय?" मी म्हणे, "तो यादीत नाही, तो मालक आहे. यादी मजुरांची असते." यावर ते खूश होत, आणि निर्णय तसाच राही.

आता गेल्या वर्षापासूनची गोष्ट. लोक कापसाची गादी घेत नाहीत. जड असते, उन्हात टाकावी लागते, वर्षा-दोन वर्षांनी पिंजून घ्यावी लागते. फोमची गादी फोनवर बोट दाबलं की गुंडाळून घरी येते. लग्नसराईही रोडावली. अशात नागपूरहून फोमच्या एका कंपनीचा माणूस आला. म्हणाला, शेडचं शोरूम करा, पाटीवर साळवे हेच नाव राहू द्या, या भागात तुमच्या नावाला किंमत आहे. माझ्या हिशेबाने हाच मार्ग होता. पण शोरूमला एक विक्रेता आणि एक हमाल पुरतो. पिंजणारे, भरणारे, टाके घालणाऱ्या बायका, सगळे घरी. मी भाऊंना कागदावर दोन्ही बाजू मांडून दिल्या. त्यांनी नीट वाचलं, घडी करून शास्त्रात ठेवलं आणि म्हणाले, "विचारतो." एक महिना गेला, दुसरा गेला. शेवटी कंपनीने सोमवारची वेळ दिली. शनिवारी संध्याकाळी शेडला कुलूप लावताना मी म्हटलं, "भाऊ, आता तरी?" म्हणाले, "अजून विचारून राह्यलो, ताई. परवा सकाळी सांगतो."

उत्तर आलं असेल तर ते घेऊन गेले. नसेल आलं, तर मग कशाला एवढं विचारायचं?

दफनविधीला सगळं नालवाडी आलं होतं. तिथेच एकेकजण माझ्याजवळ येऊन हळूच विचारत होता, भाऊ काय म्हणाले होते? रूथ एकुलती एक, पुण्यात बँकेत. ती म्हणाली, "काकू, माझा हिस्सा मी काढून घेणार नाही, पण मी इथं येऊ शकत नाही. पप्पांनी तुम्हाला काहीतरी सांगितलं असेलच ना?" मार्थावहिनी म्हणाल्या, "मले तं काई बोलले नाईत. तुमचंच ऐकत होते." माझं ऐकत होते! फोमवाला दफनाला हार घेऊन आला होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, नमुन्याची गादी घेऊन. चकचकीत खोळ, चारी बाजूंनी बंद. बायका काम थांबवून बघत होत्या. एरवी कोणाला बोलू न देणारी सुशीलाबाईच गप्प बसलेली पाहून मला जास्त त्रास झाला.

माझा कागद तयार होता. फोमच्या बाजूची यादी लांब होती, दुसऱ्या बाजूला कामगारांची दोन-चार नावं. सही करायचं ठरवून मी बसले होते. फक्त विचारावं म्हणून विचारलं, "यात आत काय भरलंय?" तो म्हणाला, "मॅडम, उत्तम फोम." मी म्हटलं, "खोळ जरा काढून दाखवा." तो हसला. "वो नहीं खुलता मॅडम. उघडलं की वॉरंटी जाते." "मग गिऱ्हाइकाला मी काय दाखवू?" "काहीच नाही दाखवायचं! साळवे नाव आहे ना, लोक विश्वासाने घेतील." त्याचं काही चुकलं नव्हतं, सगळीकडे असंच विकतात, माझ्या घरीही तसलीच गादी आहे. पण त्या पाटीवरच्या नावाखाली ते मला जमेना. मी पेन बंद केलं आणि नाही म्हटलं. तो गेल्यावर सुशीलाबाई म्हणाली, "ताई, भाऊनं स्वप्नात येऊन सांगतलं का?" मी म्हटलं, "कोणी काही सांगितलेलं नाही. कामाला लाग."

आणि खरोखरच कोणी सांगितलेलं नाही. मला कसली शांती वगैरे लाभलेली नाही. मी तोट्यातला निर्णय घेतला आहे आणि तो निभावायचा आहे. वसतिगृहं, दवाखाने, भक्तनिवास, जिथे जिथे कापसाची गादी अजून चालते तिथे मी रोज फिरते आहे. हो म्हणतात, मग फोन उचलत नाहीत. पुढची लग्नसराई गेली की शेड चालेल की नाही, मला माहीत नाही. भाऊ असते तर म्हणाले असते, विचारतो. मी कोणाला विचारू? मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही, आणि त्यांच्या देवाशी माझी ओळख त्यांच्याच मार्फत होती.

परवाच्या सोमवारी मी लवकर गेले. मधले सोमवार तसेच गेले होते; वाटलं होतं, आता गोल बसायचं कारण नाही. पाहते तर सगळे बसलेले. चहा झालेला. भाऊंची जागा मोकळी, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे. शास्त्र वहिनींच्या घरी होतं, आणि असतं तरी मी कुठून वाचणार होते? उभ्या उभ्याच पर्समधून आठवड्याच्या कामांचा कागद काढला आणि वाचला. देवळीच्या वसतिगृहाच्या गाद्या बुधवारपर्यंत भरायच्या. त्यांच्या बाई गुरुवारी पाहायला येतील, तोवर कोपरे शिवायचे नाहीत. यंत्राचा पट्टा बदलायचा. यमुनाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन आहे, तिला दोन दिवस सुट्टी. रुई संपत आली आहे, आणायची. पैसे कुठून, ते पाहायचं आहे.

एवढं वाचून मी थांबले. यमुनाने डोळे मिटलेले होते. कोणीच उठेना. मग सुशीलाबाईने कप खाली ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोठ्याने म्हणाली,

"आमेन."