‘नामंजूर’चं बटण

सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहिणं हे माझं काम. आमचं ऑफिस नाशिकच्या द्वारका चौकाजवळ आहे. खिडकी उघडली की हॉर्न, बंद केली की एसीची घरघर. सासूबाई सगळ्यांना सांगतात, “सूनबाई कॉम्प्युटरमध्ये आहे,” आणि मी तिथे नेमकं करते काय, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

ही गोष्ट बांधकामातल्या बदलांच्या सॉफ्टवेअरची. काम अर्ध्यावर आलं की मालकाला हमखास काहीतरी सुचतं. दरवाजा रुंद करा, जिना तिकडे घ्या. पूर्वी हे सगळं तोंडी चालायचं आणि मग भांडणं व्हायची. आता इंजिनिअर बदलाचा आदेश सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, तो साइटवरच्या सुपरवायझरच्या मोबाइलवर जातो आणि तिथे दोन बटणं असतात, मंजूर आणि नामंजूर. माझी मराठी पुस्तिका जवळजवळ लिहून झाली होती, एवढ्यात सिन्नरची भानगड उपटली.

तिथे एका कारखान्याच्या शेडचं काम चालू होतं. मागच्या भिंतीतला दरवाजा रुंद करायचा आदेश आला. सुपरवायझर सुट्टीवर असताना मजुरांनी भिंत फोडली आणि आतून जाणारी पाण्याची लाइन तोडून ठेवली. सॉफ्टवेअरमध्ये सुपरवायझरची मंजुरी स्वच्छ दिसत होती. कारखान्याच्या मालकांनी ठेकेदाराला बजावलं, “हा माणूस मला साइटवर दिसता कामा नये.” सुपरवायझर शपथेवर सांगत होते की बटणाला आपण हातसुद्धा लावलेला नाही. ठेकेदार आमच्या कंपनीच्या खुलाशासाठी थांबला होता. तो आला नाही, तर या माणसाची नोकरी जाणार हे ठरलेलं होतं.

मला पाठवलं ते फोटो काढायला, पुस्तिकेत ‘असे करू नये’ म्हणून छापण्यासाठी. जीपमध्ये चेपून बसून सिन्नर गाठलं. पन्नाशी ओलांडलेले ते सुपरवायझर फोडलेल्या भिंतीसमोर उभे होते.

“काका, आत पाइप आहे हे माहीत होतं ना? मग नामंजूर का नाही दाबलं?”

“मॅडम, आदेश मोठ्या साहेबांचा. त्यांना तोंडावर नाय म्हणायचं का? मी उत्तरच दिलं नाय. उत्तर नाय आलं म्हंजी नको हाय, हे कुणाला बी कळतं. साहेबांचा फोन आला असता, तर नीट समजावून सांगितलं असतं.”

आणि खरंच कळतं की! मुलगी पाहून गेलेले लोक कधी ‘नाही’ म्हणतात का? त्यांचा फोन येत नाही आणि आपण काय ते समजून घेतो. परत येऊन मी आमच्या प्रोग्रॅमर मंडळींना धरलं. ते शांतपणे म्हणाले, “मुदतीत उत्तर आलं नाही की सिस्टीम मंजूर धरते. कामं अडायला नकोत ना.” हे त्यांना इतकं उघड वाटत होतं, की मला सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाने गप्प राहून नकार दिला होता आणि आम्ही त्याच्या नावावर होकार लिहून टाकला होता.

मॅनेजरसाहेब म्हणाले, “नियम पुढच्या आवृत्तीत बघू. तोवर शेवटच्या पानावर, टिपांमध्ये टाका.”

“शेवटचं पान कोण वाचतं, सर? पहिल्या पानावर जाईल.”

“आपल्याच मालाला आपणच नावं ठेवायची?”

त्याच दिवशी मी पहिलं पान लिहून त्यांच्यापुढे ठेवलं: ‘तुम्ही मुदतीत उत्तर दिले नाही, तर हे सॉफ्टवेअर तुमचा होकार धरते. बदल नको असेल तर नामंजूर दाबा. त्यात कोणाचाही अपमान होत नाही.’

शेवटच्या वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं. हे टेक्निकल नाही, काढा. मी म्हटलं, बाकी सगळी पुस्तिका काढा, हे राहू द्या. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “बघू.”

मीही नाशिकचीच. त्या ‘बघू’चा अर्थ मला चांगला ठाऊक होता. जागेवर येऊन मी त्यांना मेल टाकली: शुक्रवारपर्यंत आपलं उत्तर आलं नाही, तर मजकूर मंजूर आहे असं धरून पुस्तिका प्रसिद्ध करीन. उत्तर आलं नाही. सोमवारी सकाळी पुस्तिका वेबसाइटवर चढली आणि पहिलं पान खुलासा म्हणून सिन्नरच्या ठेकेदाराकडे गेलं.

साहेब तणतणत आले. “मी हो कधी म्हटलं होतं?”

“नाही, सर. पण नाही असंही म्हणाला नव्हतात.”

एकही शब्द मागे घ्यायचा नाही हे मी ठरवलेलं होतं. साहेबांनी माझ्या पडद्यावरचं पहिलं पान पुन्हा एकदा वाचलं. मग माझ्याच टेबलावरून त्यांनी ठेकेदाराला फोन लावला आणि ती मंजुरी त्या माणसाची नव्हती, आमच्या सिस्टीमची होती, हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. काकांची नोकरी राहिली. नियम बदलायचं काम त्याच आठवड्यात सुरू झालं. मला घरी जाऊन रडू आलं, आनंदाचंच.

पावसाळा संपता संपता काकांनी मोबाइलच्या पडद्याचा फोटो पाठवला. कारखान्याच्या मालकांना ऑफिससमोरची पायरी मोडून उतार हवा होता. खाली लाल अक्षरांत ‘नामंजूर’ होतं आणि कारणाच्या चौकटीत काकांनी लिहिलं होतं, ‘साहेब राग मानू नका. पावसाचं पाणी आत येईल.’