भिमाजीअण्णांचा कान

भिमाजीअण्णा श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. पेचकसाचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावून ते यंत्राचं दुखणं सांगायचे आणि साहेब लोक मुकाट्याने ऐकायचे. निवृत्त होऊन नागापूरला आमच्या शेजारी राहायला आले, तरी पेचकस खिशातच. आमचा मिक्सर तपासला, माझी स्कूटर तपासली, एकदा तर माझी छातीसुद्धा. माणूस नको तिथे हुशार, पण आमचा जीव आहे त्यांच्यावर.

यंदा उन्हं तापायला लागली तसं त्यांच्या परसात टुक, टुक, टुक सुरू झालं. एका लयीत, तासन्‌तास. अण्णांनी लगेच निदान केलं, "पान्याच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय."

"तांबट हाय त्यो," अण्णांच्या पत्नी केशरकाकू भाकरी थापता थापता म्हणाल्या. "पाखरू. उंबरावर बसतंय."

"पाखराचा ठोका इतका नेमका आसतोय व्हय?"

मोटार बंद असतानाही आवाज येतो, हे मी दाखवून दिलं. तर म्हणाले, पाइपात हवा कोंडलीय.

खरी धास्ती वेगळीच होती. त्यांचा मुलगा करण हल्ली म्हणायचा, अण्णांना कमी ऐकू येतं. सोमवारी कानाच्या डॉक्टरांची वेळही त्याने घेऊन ठेवली होती. फिटरच्या कानात मशीन! अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून आपलं निदान खरं करून दाखवायला रविवारी सकाळीच त्यांनी मोटार खोलली आणि नटबोल्टासकट गोणपाटावर मांडली. घरात पाण्याचा थेंब नाही.

आणि वर उंबरात टुक, टुक, टुक.

पक्षी काही दिसेना. केशरकाकू रिकामी कळशी घेऊन दारात आल्या. "काढा आता त्याचं बेअरिंग."

अण्णांचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. त्यांनी डोळे मिटून आवाजाकडे कान लावला. मग म्हणाले, "एक न्हाई, दोन हायेत. दुसरा लांब, मागल्या कंपनीच्या भिंतीकडं. ह्याच्यापेक्षा जरा सावकाश ठोकतोय."

"काईतरीच. एकच हाय."

मी श्वास रोखून ऐकलं. खरंच, फार दुरून, बारीक, दुसरा ठोका येत होता.

"तुला ऐकू येत न्हाई?" अण्णांनी काकूंना विचारलं. आवाजात काळजी होती, आणि लपवता न आलेला आनंदही.

सोमवारची वेळ फुकट गेली नाही. करण आईला घेऊन गेला. अण्णाही सोबत गेले, पेचकस घेऊन.